आईची सही चालते आहे तोवर: डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरी सांभाळताना पैशांची सोय कशी लावायची

साताऱ्यात बँकेच्या काउंटरवर आईने पैसे काढायच्या स्लिपवर सही केली आणि पलीकडच्या मुलाने ती स्लिप दोनदा डोळ्यांजवळ नेली. सही सुरेख होती. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचं वळणदार अक्षर. फक्त आडनाव माहेरचं होतं. लग्नाला पन्नास वर्षं होत आलेली, बाबांना जाऊन तीन वर्षं झालेली, आणि आईने लग्नाआधीची सही केली होती. मुलगा भला होता, त्याने दुसरी स्लिप दिली. आई बराच वेळ पेन धरून बसली आणि मग मला म्हणाली, "तूच कर गं."

मला ती सही करता येणार नव्हती. खातं तिच्या एकटीचं होतं.

मी पतसंस्थेत अठरा वर्षं लोकांचे हिशेब लिहिले, तरी डिमेन्शियाचा, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू पुसत नेणाऱ्या आजाराचा, हिशेब मला फार उशिरा समजला. पुढची सहा वर्षं आई घरीच होती. आता ती नाही. या सहा वर्षांत जे चुकत, धडपडत शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक माणसं घरीच असतात, आणि सांभाळणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातलीच एखादी बाई असते.

पहिली पायरी: निदान लेखी घ्या

"वय झालं, म्हातारचळ आहे" असं म्हणत आम्ही दीड वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका, आणि हे पैशांसाठीसुद्धा सांगते आहे. विसरभोळेपणाची काही कारणं बरी होणारी असतात: बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साठलेलं रक्त, काही औषधांचा परिणाम. साध्या रक्ततपासणीत आणि एका स्कॅनमध्ये यातलं बरंच कळतं.

खासगीत परवडत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, पुण्यात ससून अशा मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. मनोरुग्णालय म्हटलं की घरातले बिचकतात, पण ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती करणं नव्हे. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, हेही लक्षात असू द्या.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी कागदावर घ्या: आजाराचं नेमकं नाव आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे. तारखेसह, शिक्क्यासह. हा कागद बँकेत, आयकरात, विम्यात, वेळ आली तर कोर्टातही लागतो. त्याच्या पाच झेरॉक्स काढून फाइलमध्ये लावून ठेवा.

औषधांबद्दल थोडं. डोनेपेझिल, मेमॅन्टिनसारखी औषधं आजार बरा करत नाहीत, काहींना काही काळ आधार देतात. जेनेरिक मिळतील का ते डॉक्टरांना विचारा आणि जवळच्या जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवा. आमचं महिन्याचं १,८५० रुपयांचं औषध तिथे साडेआठशेवर आलं. दर सहा महिन्यांनी "यातलं कुठलं आता कमी करता येईल?" असं विचारत चला, मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. आणि बुद्धिवर्धक टॉनिकं, स्मरणशक्तीच्या पुड्या, स्टेम सेलच्या नावाखाली लाखांत बिल करणारे दवाखाने यांपासून लांब राहा. हताश माणसाच्या खिशात हात घालणारे फार आहेत.

दुसरी पायरी: तीन महिने वही लिहा

साधी शंभर पानी वही. रोजचा खर्च, एकाही रुपयाची लाज न बाळगता. तीन महिन्यांनी तुमच्या घराचा खरा आकडा समोर येतो. आमच्या वहीतला, आई उठून फिरायची पण अंथरूण ओलं व्हायला लागलं होतं तेव्हाचा एक महिना देते:

मावशी (आईला सांभाळायला पगारावर ठेवलेली बाई, १२ तास): १५,०००
डायपर आणि अंडरपॅड: ३,९००
वेगळं खाणं, फळं, दूध: २,२००
औषधं: १,८५०
डॉक्टर, तपासण्या: १,४००
धुणं, साबण, जादा वीज: १,१५०

एकूण २५,५००. शंभर रुपयांत औषधाचे सात. निदान झालं तेव्हा आम्ही भावंडं औषधाचं काय, औषधाचं काय करत होतो. खर्च असतो तो सांभाळणाऱ्या माणसाचा. जसा आजार वाढतो तसा औषधाचा रकाना लहान होत जातो आणि माणसाचा मोठा. सुरुवातीला दिवसा कुणीतरी लक्ष ठेवलं की भागतं, मग रात्रीही कुणी लागतं, मग उचलायला दोघं. पैशांची तजवीज करायची ती या माणसासाठी करायची.

आणि वहीत एक ओळ मी पहिल्या वर्षी लिहिलीच नव्हती. मी नोकरी सोडली होती. माझा पगार २१,००० होता, म्हणजे यादीतल्या कुठल्याही रकमेपेक्षा जास्त. तो धरला तर महिन्याचा खर्च ४६,५०० होता. त्या ओळीकडे शेवटी परत येईन.

तिसरी पायरी: सही चालते आहे तोवर

ही पायरी पुढे ढकलू नका. निदान झालं म्हणजे त्या दिवसापासून सही रद्द झाली असं नाही. समोरच्या माणसाला आपण काय करतोय हे त्या वेळी कळत असेल, तर सुरुवातीच्या टप्प्यात तो व्यवहार करू शकतो. सकाळी, नाश्ता झाल्यावर, घरात गोंगाट नसताना आईचं डोकं सर्वांत स्वच्छ असायचं. कागदांची कामं त्या वेळी ठेवा. महत्त्वाच्या कागदाला त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा की व्यक्तीला व्यवहार समजतो आहे. आणि फसवून सही घेऊ नका. तिला सांगा, तिचं ऐका. तिचे पैसे आहेत.

बँक. मुख्य खातं जोडनावाने करा, "दोघांपैकी कुणीही" चालवू शकेल अशा सूचनेसह. बँकेत याला ई ऑर एस (आयदर ऑर सर्व्हायव्हर) म्हणतात. ठेवींनाही तीच सूचना, आणि मुदतीआधी ठेव मोडायचा अधिकार दोघांपैकी कुणालाही राहील असं त्याच वेळी लिहून घ्या. एकच दहा लाखांची पावती असेल तर तिच्या पाच करा, म्हणजे हॉस्पिटलसाठी एक मोडली तरी बाकीचं व्याज बुडत नाही. नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण नॉमिनीला माणूस हयात असेतोवर एक रुपया काढता येत नाही.

पेन्शनचं खातं बहुधा एकट्याच्या नावाचं किंवा नवरा-बायकोचं असतं, त्यात मुलांचं नाव घालायला बँक तयार होत नाही. यावर मला पतसंस्थेतल्याच एका सहकाऱ्याने उपाय सांगितला: स्थायी सूचना. दर महिन्याच्या ५ तारखेला पेन्शन खात्यातून ठरलेली रक्कम जोडखात्यात आपोआप जाईल असा फॉर्म आईच्या सहीने भरून ठेवायचा. आम्ही तो भरला तेव्हा आईची सही अजून जुळत होती. पुढची पाच वर्षं त्या एका फॉर्मवर घर चाललं.

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला लागतो. तो जीवन प्रमाण या सरकारी सोयीवरून चेहरा दाखवून मोबाइलवर करता येतो, किंवा पोस्टमन घरी येऊन करून देतो. ७० वर्षांवरच्या आणि आजारी ग्राहकांना घरी येऊन मूलभूत सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलं आहे, तेव्हा शाखेत लेखी अर्ज द्या. सही जमेनाशी झालेल्या आजारी माणसाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे काढता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. पण हा मार्ग हात थरथरणाऱ्यासाठी आहे. काय चाललंय ते समजतच नसेल, तर तिथेही अडतं.

मुखत्यारपत्र. इथे फार लोक फसतात. "आईने मला पॉवर ऑफ ॲटर्नी दिलीय, आता काळजी नाही" असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. भारतीय करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे, अधिकार देणारी व्यक्ती मनाने असमर्थ झाली की दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो कायद्याने निकामी होतो. आजारानंतरही चालू राहणारं मुखत्यारपत्र काही देशांत असतं, आपल्याकडे नाही. म्हणून मुखत्यारपत्रावर विसंबू नका, जोडखातं आणि स्थायी सूचना यांवर विसंबा.

हे काहीच केलं नसेल आणि घर किंवा मोठी ठेव अडकली असेल, तर उच्च न्यायालयात अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमलेले आहेत. पण त्यात वैद्यकीय अहवाल, सगळ्या वारसांची संमती, वकिलाची फी आणि बराच काळ जातो. एक सही वेळेत न घेतल्याची ती किंमत असते.

मृत्युपत्र. करायचं तर याच टप्प्यावर, दोन साक्षीदार आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन. पण घर आत्ताच मुलांच्या नावावर बक्षीसपत्राने करून देण्याची घाई आईवडिलांना करू देऊ नका. हे मी स्वतः मुलगी असून सांगते. तिचं घर तिच्या नावावर असेतोवर तिच्या शुश्रूषेचा पैसा सुरक्षित असतो. द्यायचंच असेल तर "देखभाल करण्याच्या अटीवर" असं कागदात स्पष्ट असू द्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाखाली अट मोडली तर असं हस्तांतरण रद्द करून मागता येतं.

याच बैठकीत एक अवघड विषय काढा. शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटर, नळीने अन्न, आयसीयू हवं की नको? उपचारांबद्दलची अशी इच्छा आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र (लिव्हिंग विल) सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलं आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आई म्हणाली होती, "मला नळ्या नकोत, घरी ठेवा." तिने हे शुद्धीत सांगितलं नसतं तर आम्ही अपराधी वाटून तिला आयसीयूत नेलं असतं, आणि तिथे आठवड्याचं बिल वर्षभराच्या मावशीएवढं झालं असतं.

पैसे गळतात ती भोकंही याच वेळी बुजवा. एटीएम कार्डाची मर्यादा कमी करा, कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा, मोबाइलवरचं यूपीआय काढून टाका. आईने एका महिन्यात दूधवाल्याला तीनदा पैसे दिले होते, आणि तो प्रामाणिक म्हणून आम्हाला कळलं. कुणी फोनवरून फसवलंच तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आधारला तुमच्या हाताशी असणारा मोबाइल नंबर जोडून घ्या, कारण पुढे बोटांचे ठसे उमटेनासे होतात आणि प्रत्येक योजना ओटीपी मागते.

चौथी पायरी: मावशी ठेवण्याआधी सोनं उचला

आईच्या पाटल्या हरवल्या. तिने मावशीवर आळ घेतला, तोही शाळेतल्या बाईंच्या कडक आवाजात, शेजारी ऐकत असताना. मावशी जिन्यात बसून रडली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. आठवड्याने तांदूळ मापताना पाटल्या डब्याच्या तळाशी सापडल्या, आईच्याच रुमालात बांधलेल्या. मी मावशीच्या घरी जाऊन हात जोडले. तिने चहा दिला, पण परत आली नाही, आणि मला तिचं म्हणणं समजलं. नवीन बाई ब्युरोकडून (अशा बायका पुरवणाऱ्या संस्थेकडून) आणली तेव्हा महिन्याला चार हजार जास्त पडले आणि ब्युरोचं कमिशन वेगळं.

वस्तू लपवणं आणि आळ घेणं हा आजाराचाच भाग असतो. म्हणून बाहेरचं माणूस घरात यायच्या आधी सोनं, रोकड, पासबुकं, घराचे कागद यांची यादी करा, फोटो काढा आणि जोडनावाच्या लॉकरमध्ये ठेवा. आईच्या हाताला सवय असते, ती बांगड्या शोधत राहते. तिला बेन्टेक्सच्या घालून द्या. आणि मावशीला पहिल्याच दिवशी सांगा की असा आळ येईल, तो आम्ही खरा मानणार नाही.

मावशी थेट ठेवली तर स्वस्त पडते, ब्युरोकडून घेतली तर खाड्याच्या दिवशी बदली मिळते. तुम्ही नोकरीला जात असाल तर ब्युरोचे जादा पैसे परवडतात, कारण एका खाड्याला तुमची एक रजा जाते. ठरवताना तोंडी ठेवू नका, एका कागदावर लिहा: किती तास, कोणती कामं (फक्त आईचं की घरचा स्वयंपाकही), महिन्याच्या सुट्ट्या, गौरी-गणपती आणि दिवाळीचं काय, उचल किती आणि कशी फेडायची. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलिस पडताळणी करा. पगार ठरल्या तारखेला द्या, खात्यात भरा. तशी नोंद राहते आणि तिलाही पुढे कर्जाला उपयोग होतो.

चोवीस तासांची बाई घेण्याआधी बघा की नक्की कोणते तास जड जातात. आमच्याकडे संध्याकाळी पाच ते नऊ आई सैरभैर व्हायची, "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी उभी राहायची. सकाळी आठ ते रात्री आठ अशी पाळी होती ती आम्ही दहा ते दहा केली. त्याच पैशांत कठीण वेळ निभावली.

आणखी एक. अचानक दोन दिवसांत माणूस जास्त बडबडू लागला, चिडू लागला किंवा गळून गेला, तर "आजार वाढला" म्हणून जादा बाई ठेवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठेतरी दुखणं असं साधं कारण निघतं. आम्ही एकदा पंधरा दिवस रात्रपाळीचे पैसे भरले आणि कारण निघालं लघवीचा संसर्ग.

पाचवी पायरी: सामान भाड्याने, खर्च पडणं टाळण्यावर

वर-खाली होणारा पलंग, एअर बेड, व्हीलचेअर भाड्याने मिळतात. कितीतरी गावांत सेवाभावी मंडळं अनामत घेऊन नाममात्र भाड्याने देतात, आधी तिथे विचारा. विकत घ्यायची ती कमोड खुर्ची, कारण ती वर्षानुवर्षं लागते.

डायपर दिवसभर लावून ठेवले की पैसेही जातात आणि कातडीही. दर दोन तासांनी संडासला बसवायची सवय ठेवली आणि डायपर रात्री व बाहेर जाताना वापरले, तर महिन्याचं बिल निम्म्यावर येतं. घरातल्या जुन्या सुती साड्या फेकू नका. त्यांच्या चौघडी घड्या मेणकापडावर घातल्या की विकतच्या अंडरपॅडचं काम करतात, आणि आईला तो मऊपणा ओळखीचा वाटायचा. आजीच्या नऊवारीची घडी ती हाताने चाचपत राहायची.

पैसे घालवायचेच असतील तर पडण्यापासून वाचवण्यावर घालवा. संडासात धरायला दांडे, रात्रभर मंद दिवा, सैल पायपुसणी उचलून टाकणं, पाय न घसरणाऱ्या चपला. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशनचा खर्च एकदाच होतो, पण त्यानंतर चालणारं माणूस अंथरुणाला खिळतं आणि मावशीचे तास दुप्पट होतात. आणि पदराला किंवा सदऱ्याला नाव आणि फोन नंबर शिवून ठेवा.

सहावी पायरी: विमा, योजना आणि कर

विम्याबद्दल साफ सांगते: घरी सांभाळण्याचा खर्च मेडिक्लेम देत नाही. मावशी, डायपर, ओपीडीच्या गोळ्या, काही नाही. तरी जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका, कारण पडणं, न्यूमोनिया, संसर्ग यांनी भरती होण्याची वेळ येतेच. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, तेव्हा केवळ "हा मनाचा आजार" म्हणून दावा नाकारला तर लेखी कारण मागा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही.

वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार यात येतात. त्याखालच्या वयाला राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. दोन्ही भरतीसाठीच आहेत, आणि रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारून ठेवा. अपघात विभागात उभं राहून विचारायची वेळ येऊ नये.

उत्पन्न फारच कमी असेल तर तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा. वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर महिना १,५०० मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ६५ वर्षांवरच्यांना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात येतात. कमोड खुर्ची किंवा काठी-चष्मा त्यात निघतो. माहितीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

आयकर. ज्या मुलाचा पगार करपात्र आहे त्याने हे वाचावं. जुन्या करप्रणालीत ८०डीडीबी हे कलम ठरावीक आजारांवरच्या खर्चाला वजावट देतं आणि त्या यादीत डिमेन्शिया नावाने आहे. अट अशी की अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त प्रमाणित असावं आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी असावी. रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर प्रत्यक्ष खर्चाची १ लाखापर्यंत वजावट मिळते, विम्यातून मिळालेली रक्कम वजा करून. आईवडिलांचा आरोग्य विमाच नसेल तर ८०डी खाली त्यांच्या औषधोपचाराचे ५०,००० पर्यंत धरता येतात, फक्त ते रोखीने दिलेले नसावेत. नव्या करप्रणालीत यातलं काही मिळत नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब करून मग प्रणाली निवडा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. सीएला जुना आकडा सांगितला की त्याला कळेल. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी यूडीआयडीचा (अपंगत्व ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरून सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यावं लागतं. माणूस चालतं-फिरतं आहे तोवर ही फेरी उरका.

सातवी पायरी: नोकरी सोडण्याआधी, आणि भावंडांची बैठक

आमच्याकडे बैठक झालीच नाही. दादा पुण्याला, धाकटी बंगळुरूला, मी साताऱ्यात. जी जवळ तिने बघायचं, हे न बोलता ठरलं. मी राजीनामा दिला तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

राजीनामा देण्याआधी कुणीतरी मला हे विचारायला हवं होतं: बिनपगारी रजा, अर्धवेळ, घरून काम, यातलं काही मागून पाहिलंस का? ग्रॅच्युइटी किती, पीएफ किती, पेन्शनला किती वर्षं कमी पडतील? आणि मोठ्या कंपनीत असाल तर सर्वांत आधी हे बघा की कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडील आहेत का. त्या विम्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. नोकरी गेली की तो विमा जातो, आणि डिमेन्शियाचं निदान झालेल्या सत्तरीच्या माणसाला बाहेर तसा विमा मिळणं फार कठीण. अशा वेळी तुम्ही नोकरीत राहून मावशीला पगार देणं हे आईला सोडून देणं नव्हे. मी १५,००० ची मावशी ठेवूनही २१,००० ची नोकरी सोडली होती, कारण लोक काय म्हणतील.

बैठक निदानानंतर महिन्याच्या आत घ्या. तीन महिन्यांची वही झाली की पुन्हा घ्या. आधी आईचं उत्पन्न मांडा: पेन्शन, व्याज, भाडं. तिचे पैसे आधी तिच्यासाठी वापरा. "आईचे पैसे राहू देत, आम्ही करतो" हे ऐकायला छान असतं, पण दोन वर्षांत करणारा थकतो आणि ठेव तशीच राहते, पुढे वाटून घ्यायला. उरलेला खर्च समान नको, ऐपतीप्रमाणे वाटा. जो पैसे देऊ शकत नाही त्याने दिवस द्यावेत: महिन्यातले दोन शनिवार-रविवार प्रत्यक्ष येऊन राहणं, परदेशातल्याने वर्षातून तीन आठवडे. दर महिन्याच्या १ तारखेला वहीच्या पानाचा फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाका. संशय तिथेच मिटतो.

कुणी अजिबातच हात वर केले तर कायदा आहे. २००७ च्या कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो, मुलगा आणि मुलगी दोघंही जबाबदार असतात, आणि महिना १०,००० पर्यंत रक्कम ठरवून मिळते. तिथवर जावं लागू नये, पण दार आहे हे माहीत असावं.

राहिली वहीतली ती ओळ. तिसऱ्या वर्षी माझं वजन नऊ किलो उतरलं, झोप गेली. गोव्यात ८१ कुटुंबांवर एक अभ्यास झाला होता, २००८ साली प्रसिद्ध झाला. डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरी साधं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी जाऊन माहिती दिली, ऐकून घेतलं, मार्ग सुचवले, तर सांभाळणाऱ्यांची मानसिक अवस्था सुधारली. मला ते कुणी केलं नव्हतं. शेवटी मी १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत रडले, आणि त्यांनी ऐकलं. तुम्हाला वाटलं तर पहिल्याच वर्षी तो नंबर लावा.

त्या दिवाळीत वही दादासमोर ठेवली. माझ्या पगाराची ओळ लाल पेनाने लिहिली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनीच म्हणाली, "हे आपण धरलंच नाही." पुढच्या महिन्यापासून दादा आणि धाकटी मिळून दर ५ तारखेला माझ्या खात्यात १२,००० भरू लागले. बक्षीस म्हणून नव्हे, वहीत "शुश्रूषा" असा रकाना करून. त्यातले ५,००० मी पीपीएफला लावले, बाकीच्यातून रविवारची बदली बाई ठेवली आणि माझा स्वतःचा मेडिक्लेम काढला. कागद एकच लागला, त्यांच्या बँकेतला स्थायी सूचनेचा फॉर्म. तुमच्या बैठकीत तो कोरा फॉर्म घेऊनच बसा.